खालाची दोन बोटं

समिती गुरुवारी येणार हे सोमवारीच कळलं होतं, आणि सोमवारपासून बुशराच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

मुदखेडला स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर, फुलांच्या आडतीच्या मागं, वरच्या मजल्यावर तिचं 'नजीर शिवणकला प्रशिक्षण केंद्र'. दोन खोल्या, अठरा मशिनी, कापायचं एक लांब टेबल आणि सव्वीस मुली. केंद्राला सरकारी मंडळाची मान्यता होती, म्हणून मुलींना मंडळाच्या परीक्षेला बसता यायचं. ते प्रमाणपत्र हाती असलं तरच आश्रमशाळेत, वसतिगृहात, लातूरच्या कपड्याच्या कारखान्यात कुणी दारातून आत घ्यायचं. दर पाच वर्षांनी मान्यता नव्यानं मिळवावी लागे. समिती येई, खोल्या मोजी, मशिनी मोजी, हजेरीपट चाळी, मुलींशी बोले. या खेपेला परीक्षेचे अर्ज भरायची मुदत पुढच्या बुधवारी संपत होती. समितीची सही झाली तर अर्ज जाणार. नाही झाली तर सव्वीस जणींचं वर्ष पाण्यात.

खोल्यांचं माप बरोबर होतं. मशिनी पुऱ्या होत्या. खोट एकच होती, आणि ती केंद्राच्या काळजातच बसलेली होती.

शिकवणारीकडं शिवणकलेची पदविका पाहिजे, असा नियम. कागदावर शिकवणारी होती उज्वला, बुशराची नांदेडच्या कॉलेजातली मैत्रीण. पदविका झाली, लग्न झालं, आणि कातर हातातून सुटली त्याला सात वर्षं झाली. महिन्यातून दोनदा ती नांदेडहून गाडीनं यायची, हजेरीपटावर एका दमात पंधरा दिवसांच्या सह्या करायची, चहा प्यायची आणि परत जायची. सगळं मैत्रीखातर.

खरं शिकवायची ती हुसेनबी, मुलींची 'खाला', म्हणजे मावशी. बुशराची सासू. नवऱ्याच्या, नजीर टेलरच्या, मशिनीशेजारी बसून चाळीस वर्षं कापड कापलेली बाई. शाळा पाहिली ती दुसरीपर्यंत, तीही उर्दू. लहानपण देवणीकडच्या खेड्यात गेलं. तिथल्या बायकांसंगं जात्यावर बसता बसता ओव्या तिच्या जिभेवर बसल्या, आणि पुढं हातात कातर आली तेव्हा त्याच ओव्या कापडावर उतरल्या. सेंटिमीटर तिला कधी कळले नाहीत. माप ती गाऊनच सांगे:

छातीचा चौथा भाग, वर सोडा दोन बोटं
मुंढ्याला द्यावं वळण, जशी गंगेची गं वाट

गळा उतरे तीन बोटं, खांदा उतरे एक
कातर चाले हळूहळू, जशी सासरला लेक

मुंढा म्हणजे बाही जिथं जोडतात ते वळण. ते साधलं की ब्लाऊज साधला. पुस्तकात त्याच्यासाठी दीड पान आकडे होते. हुसेनबीच्या मुली मात्र एक ओळ गुणगुणायच्या आणि खडू आपसूक वळायचा.

बुधवारी बुशरानं सगळ्यांना ओळीत बसवलं.

"कोण शिकवतं तुम्हाला?"

"उज्वला मॅडम!"

"आणि खाला?"

"कोण खाला?" मागून एक जण म्हणाली आणि सगळ्या फिदीफिदी हसल्या.

"वा गं माझ्या बायांनो," हुसेनबी खिडकीजवळून म्हणाली, "मी अजून जिती हाय, तवरच इसरल्या."

"अम्मी, उद्या तुम्ही खाली आडतवाल्यांच्या घरी बसा."

"का? चोरी केली का मी? न्हाई जात. झाडू घेऊन बसते दारात. झाडणारी म्हातारी कुणाच्या नजरेत भरत न्हाई."

पुन्हा हशा झाला. बुशराला हसू आलं नाही. ती राजकन्येकडं पाहत होती. राजकन्या तिथली सगळ्यांत हुशार मुलगी. पलीकडच्या खेड्यातून रोज सायकलनं यायची. हिंगोलीकडच्या एका आश्रमशाळेत शिवण शिकवायची जागा तिच्यासाठी राखून ठेवली होती, पण फक्त जूनपर्यंत, आणि प्रमाणपत्र दाखवलं तरच. ती हसत नव्हती. ओठातल्या ओठात घोकत होती. उज्वला मॅडम, उज्वला मॅडम.

समिती आली ती तिघांची. प्रमुख शेषेराव साहेब, लातूरच्या विभागीय कार्यालयातले. अंगानं किडकिडीत, आवाज हळू, चहाला नको आणि पाण्याला हो म्हणणारे. ओरडणारा साहेब परवडतो, असं बुशराला वाटून गेलं. त्यांनी स्वतः टेप धरून खोली मोजली. मशिनींचे नंबर उतरवून घेतले. उज्वला इस्त्रीच्या साडीत फळ्याजवळ उभी होती, हातात कोरा करकरीत खडू घेऊन. दारात हुसेनबी झाडू मांडीवर ठेवून बसली होती, पदर पुढं ओढून.

"एखादीनं ब्लाऊज कापून दाखवावा," साहेब म्हणाले. "ही, खिडकीतली."

राजकन्या उठली. कापडाची घडी घातली, चौथा भाग धरला. खडू उचलला आणि हात थांबला. खोलीत पंख्याचा तेवढा आवाज. तिला आकडा आठवत नव्हता. आकडा कधी शिकलीच नव्हती ती. तिचे ओठ हलले, आणि शेजारच्या मशिनीवरून कुणीतरी अगदी बारीक गुणगुणलं. मग तिच्या शेजारची. कुणी ठरवलं नव्हतं. जसं एक पाखरू उडालं की झाडच उडतं, तशी सगळी खोली ओठ मिटून गुणगुणायला लागली. राजकन्येचा खडू नदीसारखा वळला.

उज्वला घामेजली. 

साहेब टेबलाशी वाकले. "सुरेख आलं. वर किती सोडलंस?"

"दोन बोटं, सर."

"म्हणजे किती सेंटिमीटर?"

 राजकन्येनं आपल्या पत्र्याच्या डब्यातून पुठ्ठ्याचा एक बारका तुकडा काढून कापडावर ठेवला. "एवढं, सर."

साहेबांनी तुकडा उचलला. शेजारच्या मुलीचा डबा उघडायला लावला. त्यातही तसाच तुकडा. तिसरीच्या डब्यातही. सगळे एका मापाचे, कडेला झिजून मऊ झालेले.

"हे काय आहे?"

आणि चौथ्या डब्याची मालकीण, वर्गातली सगळ्यांत लहान, घोकलेलं सगळं विसरून आनंदानं म्हणाली, "खालाची दोन बोटं! प्रत्येकीची बोटं येगळी असत्यात ना सर. माझी लई बारीक. माझा ब्लाऊज आवळच व्हायचा. म्हणून खालानी आपली बोटं पुठ्ठ्यावर ठेवून कापून दिली सगळ्यांना."

बुशरानं हुसेनबीचा चष्मा लपवला होता, तिची कातर लपवली होती, भिंतीवरचा तिचा फोटो उतरवला होता. पुठ्ठ्याचे तुकडे तिच्या ध्यानातच आले नव्हते. घरातलं मीठ कुणी लपवतं का?

साहेबांनी मान वळवून दाराकडं पाहिलं. तुकडा हातात घेऊन ते तिकडं गेले, वाकले, आणि काही न बोलता तो झाडूवर टेकलेल्या बोटांशेजारी धरला. तंतोतंत बसला.

लेखी खुलासा घेऊन सोमवारी लातूरला हजर राहावं, असा शेरा मारून समिती गेली. सही झाली नाही.

सोमवारी दोघी सासू-सुना पहाटेच्या एसटीनं निघाल्या. नांदेडला गाडी बदलली. लोहा गेलं, अहमदपूर गेलं. घरात त्या दखनीत बोलायच्या, तशाच गाडीतही हळू आवाजात बोलत होत्या.

"क्या लिखी गे तू खुलाशा में?"

"कुछ नहीं लिखी, अम्मी. कोराच है."

बुशराचा फोन वाजला. राजकन्या होती. "मॅडम, पोचलाव का?"

"चाकूर गेलं आत्ता."

"काय बी लिहा मॅडम, पण फॉर्म भरू द्या. माझ्यामुळंच झालं सगळं. आकडा आठवला असता तर... आश्रमशाळेचे सर काल पुन्यांदा इचारून राहिले."

"तुझ्यामुळं काही झालं नाही," बुशरा म्हणाली. फोन बंद झाल्यावरही तो तिनं कानालाच धरला होता. हुसेनबी खिडकीबाहेर पाहत होती.  तिनं सगळं ऐकलंच होतं.

कार्यालयात मडिवाळप्पा नावाचे कारकून भेटले. निलंग्याकडचे, गोलमटोल, कानावर पेन. त्यांनी फाइल उघडली, वाचली, कपाळावर हात मारला. "अवो ताई, पुठ्ठ्यावरनं धरल्या गेला तुम्ही? तीस वर्षांत असली केस बगितली न्हाई बगा." मग मागं पाहून त्यांनी आवाज उतरवला. "साहेब वाईट न्हाईत. एक हमीपत्र द्या. सदर महिला केंद्रात झाडलोट करते, तेथील अध्यापनाशी तिचा संबंध नाही व राहणार नाही. तुमची सही, आजींची सही. आन् तुमच्या त्या मॅडम रोज हजर राहतील, दहाच्या ठोक्याला वर्गातला फोटो पाठवतील. एवढ्यावर मिटतंय."

बुशराच्या हातात त्यांनी कोरा कागद दिला. बाकावर बसून तिनं पेन उघडलं. 'सदर महिला' एवढं लिहिलं आणि पेन अडलं. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता. हुसेनबीनं एकदाही 'इतकंही येत नाही का' असं म्हटलं नव्हतं. पहिला कुर्ता तिनं शिवला, त्याचा गळा वाकडा झाला, तर हुसेनबी तोच कुर्ता घालून ईदला सगळ्या मोहल्ल्यात फिरली होती.

"लिख," हुसेनबी म्हणाली.

"अम्मी, कैसा लिखूं?"

"झाडू मारतीच ना मैं? रोज मारती. झूठ क्या है इसमें?" मग शिपाई ऐकतोय हे पाहून मराठीत, जरा मोठ्यानं, "लिही म्हणते ना. सव्वीस पोरींच्या म्होरं माझं नाव किती मोठं हाय? शिंप्याची बायको मी. लिही."

बुशरानं लिहिलं. अक्षर नेहमीसारखं आलं नाही.

मडिवाळप्पांनी शाईचं पॅड सरकवलं. हुसेनबीनं ते परत सरकवलं. "सही येते मला." आणि उजवीकडून डावीकडं, उर्दूत, सावकाश, काज-बटण करावं तशी सही केली.

शेषेराव साहेबांनी कागद दोनदा वाचला. "बुशरा मॅडम, आई वाईट शिकवतात असं मी म्हणत नाही. राज्यात इतका सुंदर मुंढा मी कुठं पाहिला नाही. पण हा नियम मुलींसाठीच आहे. दोन वर्षांपूर्वी एका केंद्रानं पासष्ट मुलींना रुग्णसेवेचं शिकवलं. शिकवणारा कोण, तर औषध दुकानातला माणूस. मुली दवाखान्यात गेल्या, कुणाला सुई नीट टोचता येईना. प्रमाणपत्रं रद्द झाली. रडल्या इथं येऊन, याच खोलीत. तेव्हापासून मी कुणाचं ऐकत नाही." ते हुसेनबीकडं वळले. "आई, तुम्ही सांगा. हे खरं आहे? तुम्ही झाडलोट करता?"

 हुसेनबी नाही म्हणाली तर सगळं संपलं. हो म्हणाली तर... त्याच्या पुढचा विचार बुशराला करवेना.

"हाव," हुसेनबी म्हणाली.

"शिकवत नाही?"

"सही केलीय साहेब. सही केली की खरंच हाय."

साहेबांनी तिच्या बोटांकडं पाहिलं. मग त्यांनी सही केली.

मंगळवारी दुपारपर्यंत सव्वीसच्या सव्वीस अर्ज गेले. मुलींनी पेढे आणले, खाला खाला करत हुसेनबीला गराडा घातला. तिनं सगळ्यांच्या तोंडात पेढा घातला, स्वतःही खाल्ला. बुशराला वाटलं, सुटलो.

बुधवारी सकाळी ती वर आली तर हुसेनबी फरशी पुसत होती. चष्मा नाही, गळ्यात टेप नाही. मुली टेबलाभोवती उभ्या होत्या. परीक्षा बावीस दिवसांवर, आणि बाहीचा आख्खा धडा शिकायचा बाकी.

"अम्मी, बाही घ्यायची ना आज?"

"मी कशाला? मॅडम येतील दहाच्या गाडीनं. त्या घेतील."

"अम्मी, साहेबांची सही झाली. आता कोण बघतंय?"

हुसेनबीनं फडकं पिळलं. "मी बघते ना. खोट्या कागदावर सही करणारी बाई न्हाई मी, बुशरा. त्या दिवशी खोटं होतं, म्हणून आता खरं करते. सरका गं पोरींनो, पाय ओले होतील."

राजकन्या काकुळतीला आली. "खाला, निस्तं एकदा दाखवा. एकदाच. मुंढ्याला बाही बसंनाच मला."

हुसेनबी तिच्या बाजूची फरशी पुसून पुढं गेली. बुशरानं पाहिलं, पिळलेलं फडकं ती परत परत पिळत होती. पाण्याचा थेंब पडत नव्हता तरी.

दहाला उज्वला आली. फोटो काढला, पाठवला. मग पदर खोचून तिनं पुस्तक टेबलावर उघडं ठेवलं आणि मोठ्यानं वाचत वाचत बाही आखली. गुणाकार केले, भागाकार केले, खोडलं, पुन्हा केले. एवढं मात्र खरं, तिनं अंग चोरलं नाही. घाम पुसत ती म्हणाली, "मला जमेल की नाही माहीत नाही गं पोरींनो. आपण बरोबरच शिकू." कापड कापलं. दोन्ही बाह्या उचलून धरल्या.

पुढच्या दोघी-तिघी वाकून पाहू लागल्या.

दोन्ही बाह्या एकाच हाताच्या होत्या. दोन्ही डाव्या.

सव्वीस डोकी दाराकडं वळली. हुसेनबी तिथं उभी होती. तिनंही पाहिलं होतं, कापड टेबलावर पडलं तेव्हाच पाहिलं असणार. घडी उलटी घातली होती, नवशिक्यानं घालावी तशी. एक शब्द पुरला असता. तिचे ओठ हलले आणि मिटले. ती पुढं आली, टेबलाखाली वाकली, पडलेल्या चिंध्या एक एक करून गोळा केल्या आणि बुशरासमोर उभी राहिली.

"ह्या टाकू का, मॅडम?"

बारा वर्षांत तिनं बुशराला कधी मॅडम म्हटलं नव्हतं. टोमणा नव्हता तो. आवाज साधा होता, आणि म्हणूनच बुशराला तो सहन झाला नाही. ती तोंड फिरवून खिडकीशी गेली. खाली आडतीत झेंडूचे हारे उतरत होते आणि तिला काही दिसत नव्हतं.

मागून उज्वलाचा आवाज आला. "खाला, थांबा."

उज्वला जिन्याच्या पहिल्या पायरीवर हुसेनबीला आडवी गेली होती. हातात त्या दोन डाव्या बाह्या. "कागदावर काय लिहिलंय? केंद्रात शिकवणार नाही. बरोबर?"

"हाव."

"घरात शिकवणार नाही, असं लिहिलंय?"

हुसेनबी चिंध्या धरून उभी. "घरात कुणाला?"

"मला."

"तू तर मॅडम हायेस."

"मी पदविका हाय नुसती," उज्वला म्हणाली, आणि नांदेडच्या बंगल्यातली ही इस्त्रीची बाई पहिल्यांदा या मातीतलं बोलली. "पाच वर्षं तुमच्या जागी सह्या करून राहिले मी. रोज सकाळच्या गाडीनं येते. आधी तुमच्या घरी. तुम्ही मला शिकवा, मी वर येऊन ह्यांना शिकवते. साहेबांना हवी होती तशी शिकलेली बाई वर्गात उभी राहील. खोटं कुठं झालं? सांगा."

 खालून गाडीची शिट्टी आली, जंक्शनवर इंजिन बदलत असावं. मुली दाटीवाटीनं उभ्या होत्या. सगळ्यांत पुढं राजकन्या, दोन्ही हात छातीशी घट्ट.

हुसेनबीनं उज्वलाच्या हातातली एक बाही ओढून घेतली, उलटी केली, उजेडात धरली. बोट शिवणीच्या जागेवरून फिरलं. मग तिनं स्वतःला आवरलं, बाही घडी करून परत दिली.

"पहिली गाडी किती वाजता पोचते तुझी?"

"साडेसातला."

"साडेसातला चहा होतो आमच्यात. उपाशी येऊ नको. आन् ही इस्त्रीची साडी नको. मांडी घालून बसावं लागंल."

"बरं."

"लई रागीट हाय मी. बुशराला इचार."

एवढं म्हणून ती चिंध्या घेऊन जिना उतरली. बुशरानं खिडकीतून पाहिलं. हुसेनबीनं आडतीच्या कोपऱ्यावर चिंध्या टाकल्या, त्यातून एक लांबट तुकडा परत उचलला, ओढून पाहिला आणि उद्याच्या धड्यासाठी राखावा तसा कमरेला खोचला.